आठ वाट्या आणि एक पाट

ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८९५. पेण.

आज जेवताना मालतीने विचारलं, "अहो, इंग्रजीत 'वेगाने' अशा शब्दाला काय म्हणतात? म्हणजे तो कुठल्या जातीत बसतो?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोकडून व्याकरणाचा प्रश्न हा पहिलाच. मला इतका आनंद झाला की भात निवून गेला तरी मी बोलत होतो. आपल्या शास्त्रात शब्दांच्या जाती चारच आणि त्या पुरतात. इंग्रजांनी आठ केल्या, कारण त्यांना राज्य करायचं होतं आणि राज्य करायचं म्हणजे खाती वाढवावी लागतात. मग अव्यय कशाला म्हणतात, ते तिन्ही लिंगांत आणि साती विभक्तींत जसंच्या तसं कसं राहतं, हे सविस्तर सांगितलं. उदाहरणही घरचंच दिलं. म्हटलं, तू लग्नाआधी मॅट्रिकच्या इंग्रजीत नापास झालीस आणि अजून नापासच आहेस, कशानेच बदलली नाहीस, तेव्हा तूही एक अव्ययच.

बराच वेळ हसलो. मालती तिच्या पाटावरून उठून ताक आणायला गेली. तो पाट तिच्या माहेरचा, कोपऱ्याला तापल्या तव्याचा काळा चटका असलेला. प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. समजलं असावं.

ज्येष्ठ वद्य एकादशी

शाळेत दिनानाथ सबनीस नावाचे गृहस्थ आले होते. मुंबईला इंग्रजी शिकवत होते. मुदतीआधीच निवृत्त होऊन रोह्याजवळ वरसे गावात घर बांधून राहिले आहेत. टेरिलिनचा शर्ट, बिनसाखरेचा चहा आणि आवाज इतका खालचा की समोरच्याला पुढे वाकावं लागतं. इंग्रजीपायी ज्यांचं मॅट्रिक राहिलं अशा बायकांना ते दुपारी शिकवणार, तेही फुकट. आमच्याकडे फक्त एक वर्ग मागत होते.

हेडमास्तरांनी माझं मत विचारलं. संस्कृतचा ज्येष्ठ शिक्षक म्हणून मी ते दिलं. बाकं बायकांच्या मापाची नाहीत, खडू कुणी द्यायचा, आणि पंख्याची जबाबदारी कुणावर. वर्गाला पंखा नाही हे हेडमास्तरांच्या लक्षात आलं नाही. नकार गेला. सबनीसांनी मला वाकून नमस्कार केला, तो मला मुळीच आवडला नाही.

फुकट शिकवणारा माणूस मला नेहमीच संशयास्पद वाटतो. मी स्वतः संस्कृतची फुकट शिकवणी काढली होती. कुणी आलं नाही ती गोष्ट वेगळी.

आषाढ शुद्ध सप्तमी

मालती आज गणपतीचा पाट जोह्याला काळुरामच्या कारखान्यात देऊन आली. दरवर्षी मी जातो. यंदा म्हणाली, "तुम्हाला शाळा आहे, मी एसटीने जाऊन येते." आमचा पाट आजोबांच्या वेळेपासून तिथेच जातो. पाटावर नाव आणि मूर्तीची उंची लिहायची, तो कारखान्यात ठेवायचा, आणि चतुर्थीसाठी त्याच पाटावर बसून देव घरी यायचा. पाट दिला म्हणजे शब्द दिला.

दुसरी बातमी: सबनीसांना जागा मिळाली. ती काळुरामनेच दिली. त्याची सून हौसा इंग्रजीत दोनदा नापास झाली आहे. दुपारी कारागीर जेवायला बसतात, तेव्हा मूर्तींच्या रांगांमध्ये चटया टाकून वर्ग भरतो. परमेश्वराचे शेकडो अवतार, हातापायांना अजून रंग नाही, आणि त्यांच्यासमोर इंग्रजी. साप्ताहिकासाठी हे टिपून ठेवलं. अलिबागच्या एका साप्ताहिकाचा मी पेणचा वार्ताहर आहे. पेणमध्ये जे घडतं ते मी कळवतो, आणि फारसं काही घडलं नाही तर तेही कळवतो.

आषाढ वद्य तृतीया

मालतीच्या उजव्या हाताच्या बोटाला निळा रंग. विचारलं तर म्हणाली, मूर्तीचं कुठवर आलंय ते बघायला गेले होते. चार दिवसांपूर्वी शेंदरी होता. देव घडायला वेळ लागतो हे मान्य. पण आठवड्यातून दोनदा बघायला जाण्याइतका?

शिवाय ती हल्ली भाजी चिरताना ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत असते. "काय पुटपुटतेस?" म्हटलं. म्हणाली, "स्तोत्र." मला येत नाही असं स्तोत्र या घरात कुठून आलं?

आषाढ वद्य दशमी

माझी बातमी गेल्या अंकात छापून आली. इथे उतरवून ठेवतो.

"जोहे येथे गणेशमूर्तींच्या कारखान्यात इंग्रजी व्याकरणाचा वर्ग! रंगाच्या आठ वाट्या, शब्दांच्या आठ जाती. नामाला शेंदरी, क्रियापदाला तांबडा, विशेषणाला निळा अशी बोटं टेकवून महिला वाक्ये रंगवतात. हा खर्च ना शाळेचा ना सरकारचा. स्थानिक व्याकरणप्रेमींत चिंतेचे वातावरण."

स्थानिक व्याकरणप्रेमी म्हणजे मी. माहिती एसटीच्या कंडक्टरकडून मिळवली होती. शेवटच्या वाक्यातला डंख बेमालूम साधला आहे, असं कालपर्यंत वाटत होतं.

आज कळलं की बातमी वाचून रामवाडीच्या चौघी आणि हमरापूरच्या दोघी वर्गाला जाऊ लागल्या. सबनीसांनी आभाराचं पोस्टकार्ड पाठवलं आहे. "आपल्या लेखणीने मोठं काम केलं," असं लिहिलंय. लबाड नाही, हेच त्यांचं वाईट आहे.

मग बसल्याबसल्या एक शब्द डोक्यात आला. निळा. विशेषणाला निळा.

आषाढ वद्य द्वादशी

शाळेतून अर्धी रजा टाकून जोह्याला गेलो. वार्ताहर म्हणून गेलो असं सांगायचं ठरवलं होतं.

कारखान्याच्या मागच्या पडवीत बायका बसल्या होत्या. फळ्यावर वाक्य, खाली आठ वाट्या. सबनीस खिडकीपाशी. आणि पहिल्या रांगेत हौसाच्या शेजारी मालती. मला पाहून ती दचकली नाही, पदर सावरला नाही. सरकून चटईवर जागा तेवढी केली. मी तिथे बसलो नाही. मागे एका बिनसोंडेच्या मूर्तीशेजारी बसलो.

सबनीसांनी माझी ओळख करून दिली. माझ्या बातमीमुळे वर्ग वाढला, असं सगळ्यांना सांगितलं. बायका माझ्याकडे बघून हसल्या. मग म्हणाले, शास्त्रीबुवा आलेच आहेत, तर क्रियापदाबद्दल त्यांच्याकडून दोन शब्द ऐकू या. मी दोनावर थांबलो नाही. परस्मैपद आणि आत्मनेपदापर्यंत पोचलो तेव्हा हौसा मालतीच्या कानात म्हणाली, "वयनी, ह्ये घरीपन आसंच का गो?" हळू म्हणाली, पण पडवी लहान होती.

मग प्रत्येकीने स्वतःचं वाक्य लिहून रंगवायचं होतं. मालती उठली आणि लिहिलं: "माय हजबंड स्पीक्स ॲण्ड आय लिसन." नवरा बोलतो आणि मी ऐकते. 'हजबंड'खाली शेंदरी बोट, 'स्पीक्स'खाली तांबडं, मग 'माय' आणि 'आय' या स्वतःच्या शब्दांना सर्वनामाची वेगळी वाटी, 'लिसन'खाली पुन्हा तांबडं. एकही बोट चुकलं नाही. पडवीभर हशा झाला आणि मालती स्वतःही हसली. अशी हसते हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या इतक्या कोट्या झाल्या, पण हे हसू मी कधी पाहिलेलं नाही.

सबनीस हसले नाहीत. "उत्तम," एवढंच म्हणाले. त्या एका शब्दावर ती केवढी उजळली.

एसटीत शेजारी बसून आलो. मी म्हणालो, "इंग्रजी शिकायचं होतं तर घरात मास्तर होता."

"आहे ना," मालती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

वाक्यात निळा रंग कुठेच नव्हता. मग त्या दिवशी बोटाला निळा लागला तो कशाचा? विशेषणं ती लावते कुणाला?

श्रावण शुद्ध तृतीया

सबनीस विधुर आहेत. हेडमास्तरांकडून सहज कळलं. मी सहजच विचारलं होतं.

श्रावण शुद्ध षष्ठी

मालतीने आज स्वतःहून सांगितलं की तिने ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरला आहे. इंग्रजी तेवढं राहिलंय, म्हणाली. हौसाही बसते आहे. मी म्हटलं, ठीक, पेणचं केंद्र आपल्याच शाळेत आहे, बरं पडेल.

"मी रोह्याचं घेतलंय."

"रोहा कशाला?"

"असंच," ती म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

रोह्यापासून सबनीसांचं वरसे हाकेच्या अंतरावर आहे. मी भूगोल शिकवत नसलो तरी एवढं मला येतं.

श्रावण शुद्ध अष्टमी

जोह्याला गेलो आणि काळुरामकडून आमचा पाट परत आणला.

कारण दिलं की यंदा मूर्ती पेणमध्येच सांगितली आहे, जोह्याला येणंजाणं फार होतं. येणंजाणं फार होतं हे खरंच आहे. मालती मूर्ती बघायला म्हणून तिकडे जाते. पाटच नसेल तर काय बघायला जाईल? हे मला तेव्हा फार पक्कं वाटलं.

काळुराम हातातली कुंचली खाली ठेवून म्हणाला, "शास्त्रीबुवा, तुमच्या आज्याच्या टायमापासून पाट येतो हाय. मयताबिगर कोनी पाट परत नेला नाय कधी. कोन मेलं?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

"मंग निवा," म्हणाला. पाट त्याने स्वतः काढून दिला नाही. मीच मूर्तीखालून काढला. मूर्ती पांढरी होती, उंदीर जोडायचा होता, डोळे अजून उघडले नव्हते. तेवढंच बरं वाटलं.

पाट घरी आणून माडीवर, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यामागे ठेवला आहे.

श्रावण शुद्ध एकादशी

पेणमध्ये तीन कारखान्यांत विचारलं. मूर्ती देतील का, तर देतील. पण पाट हातात घेऊन बघताच विचारतात, यावर जुनं माप लिहिलंय, कुणाकडचा? मी खरं सांगतो, ही माझी वाईट खोड. मग कुणी घेत नाही. दुसऱ्याकडून उठवलेला पाट ठेवला तर आपल्या कारखान्यात मूर्ती तडकते म्हणतात. सुशिक्षित तालुका आहे.

बाजारातून तयार मूर्ती आणता येईल. पण शाडूच्या गणपतीचं घर आमचं. वडील काय म्हणतील? ते वारले आहेत, तरीही.

श्रावण वद्य द्वितीया

मालती हल्ली जेवायला जमिनीवरच बसते. म्हटलं, पाट का घेत नाहीस, ओल आहे. म्हणाली, खाली बसलं की गुडघ्याला बरं वाटतं. चाळिशीतच गुडघे! मी वैद्यांकडून तेल आणून दिलं. तिने बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि "ठेवा तिथे," म्हणाली.

जोह्याचा वर्ग चालूच आहे. पाट तिथे नाही हे तिला कळलं असेल की नाही? कळलं असतं तर बोलली असती. म्हणजे कळलेलं नाही. पण मग ती काय बघायला जाते? आणि कळलं असेल आणि बोलत नसेल, तर ते कुणाशी बोलते? या दोन्ही बाजूंनी मला झोप येत नाही.

आज न राहवून इंग्रजी व्याकरणाचं शाळेतलं पुस्तक घरी आणलं. आठ जातींची आठ पानं वाचली. सबनीस शिकवतात त्यात विशेष काही नाही. वाट्या वगळता.

श्रावण वद्य एकादशी

मालतीने विचारलं, "यंदा मूर्ती कधी आणायची?"

मी म्हणालो, "बघू."

"पाट दिलाय ना आपण?"

"दिलाय की," मी म्हणालो.

ती "हं" म्हणाली. तो हंकार मी अजून पारखतो आहे.

भाद्रपद शुद्ध तृतीया. हरतालिका.

सगळं लिहायला हवं.

मालतीचा निर्जळी उपास. सकाळीच ती मखराला कागदी झालर लावत होती. रिकाम्या मखराला. मला ते बघवेना. माडीवरून पाट काढला, धोतराच्या घडीत गुंडाळला, आणि जोह्याची एसटी पकडली. काळुरामच्या पाया पडायचं, असेल ती मूर्ती घ्यायची, ठरवलं होतं. शास्त्राप्रमाणे देवाच्या बाबतीत लाज बाळगायची नसते. असं शास्त्र आहे की नाही ते बघावं लागेल.

कारखान्यात ही गर्दी. लोक नावं घेऊन आपापल्या मूर्ती उचलत होते. मी कोपऱ्यात उभा. काळुरामने मला पाहिलं, धोतरातली पाटाची चौकोनी कड पाहिली, आणि काही न विचारता हौसाला हाक मारली, "शास्त्रीबुवांचा देव काढ गो."

मी म्हटलं, माझा पाट तर मी नेला होता.

"तुमचा नेलाव. दुसरे दिशी वयनी दुसरा घेऊन आल्या. म्हनल्या, मूर्ती उठवू नका, नाव त्येच लिवा." मग म्हणाला, "तुमाला सांगू नका आसंबी म्हनल्या."

हौसाने मूर्ती आणली. नेहमीचीच, तेवढीच, डोळे उघडलेले. पाटाचा कोपरा माझ्याकडे आला आणि मला तव्याचा चटका दिसला.

मालतीचा जेवायचा पाट.

म्हणजे गुडघे नव्हते. आणि मी तिला तेल आणून दिलं होतं.

हौसा म्हणाली, "ह्या उंदराचा निळा वयनींनीच लावला, आषाढात. पोरींचं बघून म्हनल्या मीबी करते." मी उंदराकडे बघितलं. निळ्या झुलीवर रंग जरा बाहेर गेला होता. एवढ्या दिवसांची माझी विशेषणं सगळी तिथे त्या उंदराच्या पाठीवर होती.

एसटीत मूर्ती मांडीवर घेऊन आलो. घरी उंबऱ्याबाहेर थांबलो. मालती तांब्या घेऊन आली, रिवाजाप्रमाणे माझ्या पायांवर पाणी घातलं, देवावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. दिवसभराच्या उपासाने ओठ सुकले होते. खाली बघतच म्हणाली, "पाट जड झाला असेल."

"झाला," मी म्हणालो.

ती बाजूला झाली आणि मी आत गेलो.

भाद्रपद शुद्ध पंचमी

दीड दिवसाचा गणपती पोचवला. पाटावर नदीची मूठभर वाळू घेऊन परत आलो, प्रथेप्रमाणे. पाट धुऊन उन्हात ठेवला. संध्याकाळी मालतीच्या जागी मांडला आणि मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"तुमचा पाट?" तिने विचारलं.

"गुडघ्याला बरं वाटतं," मी म्हणालो.

ती हसली. पडवीतलं नाही, त्याच्याहून लहान. पण माझ्या घरातलं.

आश्विन वद्य तृतीया. रोहा.

मालतीचा पेपर. केंद्राबाहेर कुंपणाजवळच्या चिंचेखाली बसून हे लिहितो आहे.

तिला सोडायला मी येतो म्हणालो, ती नको म्हणाली नाही. वाटेत शेवटी विचारलंच, रोहाच का घेतलं? ती म्हणाली, "पेणला तुम्ही पर्यवेक्षक असता. माझ्या बाकापाशी येऊन उभे राहिला असतात. मग मला काही आठवलं नसतं."

वरसे इथून खरोखरच हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याचा कशाशी काही संबंध नव्हता.

सबनीसही आले आहेत, हौसा आणि बाकीच्यांसाठी. मघाशी माझ्या शेजारी बसून गेले. चहा मागवला, माझ्यात साखर. म्हणाले, "मालतीबाईंचं होईल." मालतीबाईंचं होईल हे यांनी मला सांगावं! माझा मत्सर गेला असं लिहिलं तर खोटी बातमी होईल. चहा मात्र प्यालो.

त्याच दिवशी, पेण.

ती बाहेर आली तेव्हा बोटांना शाई होती. मी काही विचारायच्या आत बोलायला लागली. पहिला प्रश्न कसा सोपा, तिसऱ्यात कुठे अडली, अधोरेखित शब्दांच्या जाती ओळखा म्हणून आलं होतं आणि तिने डोळे मिटून वाट्या आठवल्या. एसटीत बसल्यावरही थांबली नाही. पुढच्या बाकावरची बाई वळून बघत होती. मालतीला त्याचं काही नव्हतं.

नागोठण्याला मला एक फार चांगली कोटी सुचली होती. ती बोलत होती म्हणून धरून ठेवली. वडखळ येईपर्यंत विसरलो.